शर्यतीसाठी बदललेली जुनी स्पोर्ट्स कार: घेण्याआधी आणि विकण्याआधी

एमजीबी, ट्रायम्फ टीआर४, लोटस इलान, डॅटसन २४०झेड, पोर्शे ९११, अल्फा रोमिओ जुलिया. साठ-सत्तरच्या दशकात या गाड्या रस्त्यावर फिरण्यासाठी विकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्या पुढे कुणी ना कुणी शर्यतीसाठी बदलल्या. आतले गालिचे आणि मागची सीट काढून रोल केज बसवला, इंजिन उघडून वेगळा कॅमशाफ्ट घातला, स्प्रिंगा कडक केल्या, दारं-बॉनेट अ‍ॅल्युमिनियमची केली. ब्रिटन आणि अमेरिकेत अशा गाड्यांची खरेदी-विक्री वर्षभर चालू असते. कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, डेट्रॉइट, श्टुटगार्ट या शहरांत वाहन उद्योगात काम करणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर गाडीचे भाग पाहणाऱ्या माणसाला शनिवारी स्वतःच्या हातात पाना घ्यावासा वाटतो आणि रविवारी तीच गाडी ट्रॅकवर पळवावीशी वाटते, हे मला मनापासून कळतं. त्या वाचकांसाठी, आणि अशी गाडी दारात असून आता ती दुसऱ्याच्या हाती सोपवू पाहणाऱ्यांसाठी, हे लिहितो आहे.

या व्यवहारात फसगत बहुतेक वेळा इंजिनामुळे होत नाही. इंजिन दुरुस्त होतं. गाडी ज्या शर्यतीत उतरवायची म्हणून घेतली, त्या शर्यतीत ती बसतच नाही हे पैसे दिल्यावर कळतं, तेव्हा खरं नुकसान होतं. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: ही गाडी आज, आहे त्या स्थितीत, कोणत्या शर्यतींत स्वीकारली जाईल? उत्तर कागदावर मिळालं पाहिजे. आपण जमीन घेताना आधी सातबारा बघतो आणि मग शेतात पाऊल टाकतो. इथेही क्रम तोच ठेवा.

एका बदलाने कोणतं दार बंद होतं

एमजीबीचं उदाहरण घेऊ, कारण नवशिक्यासाठी हीच गाडी सर्वांत योग्य असं माझं मत आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, साधं, चार सिलिंडरचं, आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. कंपनीने स्वतः ही गाडी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीन वर्षं पाठवली; १९६३ साली ती बारावी आली, १९६४ साली एकोणिसावी आणि १९६५ साली अकरावी. म्हणजे शर्यतीचा वारसा अस्सल आहे आणि किंमत पोर्शेच्या तुलनेत आवाक्यातली.

आता या गाडीला लोक काय काय करतात ते पाहा. पुढच्या सस्पेन्शनला मूळचे आर्मस्ट्राँगचे लिव्हर आर्म डॅम्पर असतात. ते काढून आधुनिक दुर्बिणी पद्धतीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवणं हा अतिशय लोकप्रिय बदल आहे. मूळ चार गिअरच्या जागी फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स बसवणं हा दुसरा. काही जण त्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ इंजिन घालतात. हे सगळे बदल समजूतदार माणसाने केलेले असतात आणि गाडी चालवायला खरोखर बरी होते. पण आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या ‘अपेंडिक्स के’ या नियमावलीनुसार जुन्या गाडीने त्या त्या कालखंडात मान्य झालेल्या रूपातच राहायचं असतं. त्या नियमांच्या शर्यतींत लिव्हर आर्म डॅम्पर हवेतच. सरळ दात्यांचे गिअर चालतात, पण मूळच्या खोक्यात बसवलेले. साइड ड्राफ्ट वेबर कार्ब्युरेटर चालतो, कारण त्या काळी त्याला मान्यता मिळालेली होती. टायरसुद्धा मनाला येईल ते चालत नाहीत. १९६६ च्या आधीच्या जीटी गाड्यांना डनलॉपचे ठरावीक जुन्या घडणीचे रेसिंग टायर लागतात.

दुसरीकडे ब्रिटनमध्ये एमजी कार क्लबची स्वतःची शर्यतमालिका आहे. तिथे बऱ्याच बदललेल्या गाड्यांना, व्ही८ वाल्यांनाही, वेगळे वर्ग ठेवलेले आहेत. हिस्टॉरिक स्पोर्ट्स कार क्लबच्या ‘रोड स्पोर्ट्स’ शर्यती रस्त्यावरच्या मूळ रूपाजवळ राहिलेल्या गाड्यांसाठी आहेत. म्हणजे तीन एमजीबी शेजारी शेजारी उभ्या केल्या, तिन्ही लाल, तिन्हींत केज, तर त्या तीन वेगवेगळ्या शर्यतींच्या गाड्या असू शकतात आणि एकीचा मालक दुसरीच्या शर्यतीत जाऊ शकत नाही. जाहिरातीत मात्र तिन्हींवर ‘शर्यतीसाठी तयार’ असंच लिहिलेलं असतं.

वर्षालाही महत्त्व आहे. १९६६ च्या आधीच्या गाड्यांच्या शर्यतींना ब्रिटनमध्ये फार मागणी आहे, गुडवुड रिव्हायव्हलसारख्या मेळाव्यामुळे तर विशेष. गुडवुडचा ट्रॅक १९६६ साली शर्यतींसाठी बंद झाला होता आणि १९९८ पासून तिथे रिव्हायव्हल भरतो तो त्याच काळापर्यंतच्या गाड्यांचा. त्यामुळे १९६५ च्या वसंतापर्यंतच्या, बाहेरून ओढायच्या हँडलच्या दारांच्या एमजीबीला शर्यतवाले जास्त पैसे मोजतात. सत्तरीतल्या, मोठ्या रबरी बंपरच्या गाडीवरून बांधलेली रेस कार तितकीच वेगवान असू शकते आणि बरीच स्वस्त मिळते. तुम्हाला फक्त क्लबच्या शर्यती आणि ट्रॅक डे करायचे असतील, तर हीच गाडी घ्या आणि वाचलेले पैसे टायर-ब्रेकवर घाला. मात्र ती पुढे गुडवुडला नेण्याचं स्वप्न तिच्यासोबत विकत घेऊ नका.

अमेरिकेतलं चित्र थोडं वेगळं आहे. तिथे एससीसीएच्या, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या, जुन्या उत्पादन वर्गांत पळालेल्या गाड्यांना मान आहे. डॅटसन २४०झेड घ्या: पीट ब्रॉक यांच्या बीआरई संघाच्या गाडीने जॉन मॉर्टन यांच्या हातून १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं सी-प्रॉडक्शन वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून पांढऱ्या-लाल-निळ्या रंगातल्या २४०झेडचा मोह सुटलेला नाही. पण या गाडीत मूळचं २.४ लिटरचं इंजिन काढून नंतरच्या २८०झेडचं २.८ लिटरचं घालणं अत्यंत सोपं आहे, कारण दोन्ही ब्लॉक एकाच घराण्यातले आणि बाहेरून सारखे दिसतात. २.४ लिटरच्या मर्यादेत पळणाऱ्या वर्गात ही गाडी घेऊन गेलात आणि कुणी आक्षेप घेतला, तर प्रसंग लाजिरवाणा होतो. ब्लॉकवर कोरलेला एल२४ की एल२८ हा शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, बोट फिरवून वाचा, फोटोवर विसंबू नका.

कागद कोणते, आणि ते काय सांगत नाहीत

एफआयएच्या शर्यतींसाठी गाडीकडे ‘हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट’ लागतो. देशातली मोटारस्पोर्ट संस्था तो देते. ब्रिटनमध्ये मोटारस्पोर्ट यूके. त्यात गाडी कोणत्या कालखंडातली आणि तिचे तांत्रिक तपशील काय ते फोटोंसह नोंदलेलं असतं. एफ कालखंड १९६२ ते १९६५ चा, जी१ १९६६ ते १९६९ चा, असे विभाग आहेत. पासपोर्टला मुदत असते, ती संपली आहे का ते पाहा. पासपोर्टातला एकेक फोटो गाडीशेजारी धरून ताडून पाहा, कारण पासपोर्ट मिळाल्यानंतर पुढच्या मालकाने कार्ब्युरेटर किंवा ब्रेक बदललेले असतात आणि कागद जुनाच राहतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. हा पासपोर्ट म्हणजे गाडीच्या इतिहासाचा दाखला आहे असं विक्रेता सूचित करतो, कधी स्वतःही तसं मानतो. तसं नाही. गाडी नियमांत बसते एवढंच तो सांगतो. ती साठच्या दशकात खरोखर शर्यतीत पळाली होती की गेल्या दशकात एखाद्या वर्कशॉपमध्ये बांधली गेली, यावर तो काहीही बोलत नाही. इतिहासासाठी वेगळा पुरावा हवा: शर्यतींचे छापील कार्यक्रम, निकालपत्रकं, जुनी छायाचित्रं, मालकांची अखंड साखळी.

अमेरिकेत लॉगबुक फार मोलाचं. प्रत्येक शर्यतीआधी तपासनीस त्यात नोंद करतात आणि अपघात झाला तर तोही लिहून ठेवतात. जुनं लॉगबुक ‘हरवलं’ आणि नवं अगदी अलीकडचं असेल, तर का हरवलं ते शांतपणे विचारा आणि त्या क्लबकडे चौकशी करा. अमेरिकेतल्या कितीतरी रेस कारना सरकारी टायटल नसतंच, नुसतं विक्रीपत्र असतं. ट्रॅकपुरतं ते चालतं. पण टायटल नसलेली गाडी पुढे रस्त्यावर आणणं किंवा दुसऱ्या देशात पाठवणं अवघड होतं, आणि ट्रेलरसकट चोरीला गेलेल्या रेस कारही बाजारात फिरत असतात. चेसिस क्रमांक गाडीवर, लॉगबुकात आणि विक्रीपत्रात एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कमही देऊ नका. ब्रिटनमध्ये हेच काम व्ही५सी या नोंदणीपत्रावरून करायचं.

मग ओळखीचा प्रश्न. रेस कार आपटते, दुरुस्त होते, तिचं इंजिन बदलतं, बॉडीचं शेल बदलतं. इतकं सगळं बदलल्यावर ती तीच गाडी उरते का? यावर इंग्लंडच्या न्यायालयात एक मोठा खटला झाला आणि या क्षेत्रात पैसे घालणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्स जिंकली. नंतर ती ब्रुकलँड्सच्या शर्यतींसाठी पुन्हा पुन्हा बदलली गेली, तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं, १९३२ साली तिचा भीषण अपघात झाला आणि त्यात चालक क्लाइव्ह डन्फी दगावले. त्यानंतरही ती पुन्हा बांधली गेली. पुढे ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं आणि ही ल मान्सची खरी गाडीच नाही म्हणून घेणाऱ्याने माघार घेतली. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. १९२९ सालचं गाडीत जवळजवळ काही उरलेलं नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं. पण ती कधीच मोडीत निघून दुसरी गाडी झाली नव्हती. एकाच गाडीचा इतिहास न तुटता पुढे चालत आला होता, म्हणून तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणणं योग्य, असं त्यांनी ठरवलं.

आपल्यासारख्यांना यातून एवढंच घ्यायचं आहे की बदल झाला हा दोष नव्हे, बदलांची साखळी तुटलेली असणं हा दोष आहे. प्रत्येक मोठ्या बदलाचं वर्ष, करणारा, पावती, फोटो असेल, तर शेल बदललेली गाडीसुद्धा निर्धास्त घेता येते.

याउलट जिथे अस्सल गाड्या मोजक्या आणि किंमत अफाट, तिथे शब्द जपून वाचा. लोटस इलानची शर्यतीसाठीची २६आर ही आवृत्ती शंभराच्या आसपासच बनली. अल्फाची जुलिया जीटीए १९६५ साली आली, तिच्या पाचशे गाड्या झाल्या. पोर्शेची १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ एकूण १५८० बनली. आज त्याहून कितीतरी जास्त गाड्या तसं रूप धारण करून उभ्या आहेत. ‘२६आर’ आणि ‘२६आरच्या धर्तीवर बांधलेली’ या दोन वर्णनांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारची गाडी घ्यायला काहीच हरकत नाही, मी तर तीच घ्यायला सांगेन, कारण ती मनमोकळेपणी पळवता येते. फक्त किंमत दुसऱ्या प्रकारचीच द्या.

गाडीशेजारी उभे राहिल्यावर

आधी इंजिनाकडे जाऊ नका. शेलपासून सुरुवात करा. एमजीबीला वेगळा चेसिस नाही. दारांखालचे सिल हाच तिचा कणा. हे सिल तीन थरांचे असतात आणि बाहेरचा थर नवा, आतले दोन कुजलेले, अशी दुरुस्ती रंगाखाली झाकली जाते. मागच्या पात्याच्या स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात ती जागा आणि पुढचा क्रॉसमेंबर जिथे बसतो ती जागा टॉर्च लावून बघा. रेस कारमध्ये गंजाइतकीच तड्यांची भीती असते. केजचे पाय जिथे जमिनीला जोडले आहेत, स्टिअरिंग रॅक जिथे बसते, सीटबेल्ट जिथे अडकवले आहेत, तिथे रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की पत्र्याची, हे खरवडून पाहण्याची परवानगी मागा. २४०झेडमध्ये बॅटरीखालचा भाग आणि खालच्या रेल, इलानमध्ये फायबरच्या बॉडीखालचा कण्यासारखा पोलादी चेसिस तपासा. इलानचा चेसिस बदलणं ही सर्वमान्य गोष्ट आहे; नव्या चेसिसची पावती मिळाली तर ती जमेची बाजू.

केज हा जिवाचा प्रश्न आहे. जुन्या गाड्यांत सत्तरीतले अ‍ॅल्युमिनियमचे केज अजून सापडतात. ते दिसायला सुंदर, आणि आज जवळजवळ कुठेच चालत नाहीत. एससीसीएच्या पद्धतीत केजच्या नळीला तपासणीसाठी एक बारीक भोक पाडलेलं असतं, त्यातून नळीची जाडी मोजता येते. एफआयएच्या नियमांत केजचा पाय शेलला जिथे जोडला जातो तिथली पोलादी पट्टी निदान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची हवी. पातळ पत्र्यावर थेट वेल्डिंग केलेला केज दिसला, तर तो काढून नवा बसवण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. जुना ‘चालून जाईल’ हा विचारही मनात आणू नका.

सुरक्षेच्या सामानाची मुदत हा खरेदीदाराकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारा खर्च. सीट, बेल्ट, इंधनाची सुरक्षा टाकी, अग्निशामक, सगळ्यांवर तारखेची पट्टी असते. एफआयएच्या एफटी३ दर्जाची इंधन टाकी पाच वर्षं चालते, नंतर निर्मात्याकडून तपासून घेतली तर आणखी दोन. ब्रिटनमध्ये गाडीत बसवलेला अग्निशामक दर दोन वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. गाडी गॅरेजमध्ये चार वर्षं झाकून ठेवलेली असेल, तर इंजिन निरोगी असूनही हे सगळं बाद झालेलं असू शकतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का शोधा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आता इंजिन. ‘नुकतंच बांधलेलं’ या शब्दांवर समाधान मानू नका. कुणी बांधलं, कोणता क्रँक, कोणते रॉड, त्यानंतर किती तास चाललं, डायनोचा कागद कुठे आहे? रेस इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात आणि चांगला मालक ते तास वहीत लिहितो. लीक-डाउन चाचणी करायला सांगा. चारही सिलिंडरची गळती दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांशी जुळणारी असेल तर मन निश्चिंत होतं. एखादा वीसच्या पुढे गेला तर इंजिन उघडावं लागणार असं धरूनच बोला. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का पाहणं हा साधा आणि फार बोलका उपाय आहे. विक्रेता याला नकार देत असेल तर मी पुढे बोलणार नाही. एमजीबीचं इंजिन तीन बेअरिंगचं की पाच, हेही विचारा: १९६४ च्या शरदापर्यंतच्या गाड्यांना तीन बेअरिंगचा क्रँक होता, आणि शर्यतीच्या वेगात पाच बेअरिंगचं इंजिन जास्त टिकतं. मागचे हाफ शाफ्ट, पुढचे स्टब अ‍ॅक्सल आणि तारांच्या चाकांचे दात झिजलेत का, हे ज्याने ही गाडी स्वतः शर्यतीत पळवली आहे अशा मेकॅनिकला दाखवा. त्याची एका दिवसाची फी हा या व्यवहारातला सर्वांत फायद्याचा खर्च.

आवाज विसरला जातो. ब्रिटनमधल्या ट्रॅक डेला उभ्या गाडीचा आवाज मोजतात, बऱ्याच ठिकाणी मर्यादा १०५ डेसिबलची असते आणि काही ट्रॅकवर त्याहून कमी. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकावर बहुतेक दिवस ९० डेसिबलच्या आसपासची मर्यादा असते. कनेटिकटच्या लाइम रॉकवर तर १९५९ च्या न्यायालयीन मनाईमुळे रविवारी शर्यतच होत नाही. तुमच्या घराजवळच्या ट्रॅकची मर्यादा आधी माहीत करून घ्या आणि गाडीचा आवाज मोजल्याचा कागद मागा. मोठा सायलेन्सर बसवायला जागा नसलेल्या गाड्या असतात.

चालवून पाहण्याचा आग्रह धरा, पण रस्त्यावर नव्हे. विक्रेत्याला एखाद्या चाचणीच्या दिवशी ट्रॅकवर बोलवा, दिवसाचा खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या, आधी त्याला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी किंवा पिटमध्ये राहा. इंजिन तापल्यावर तेलाचा दाब किती राहतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडी मारतो का, हे तिथेच कळतं. शर्यतीचा परवाना नसेल तर ब्रिटनमध्ये त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि आर्ड्स चाचणी द्यावी लागते. गाडी घेण्याआधीच ती देऊन टाका.

सीमा ओलांडताना

अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी गाडी संघीय सुरक्षा मानकांच्या अटींतून सुटते, त्यामुळे तिकडे नेणं तुलनेने सोपं. ब्रिटनमध्ये बाहेरून आणताना तीस वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मूल्याच्या गाडीला सीमाशुल्क माफ आणि व्हॅट पाच टक्के, अशी सवलत आहे. पण तिथे ‘मूळ अवस्थेतली गाडी’ ही अट आडवी येते. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं बदललेली रेस कार या सवलतीत बसेल असं गृहीत धरून हिशोब करू नका. नाही बसली तर दहा टक्के शुल्क आणि वीस टक्के व्हॅट. आधी शुल्क दलालाकडून लेखी मत घ्या.

ही गाडी निवृत्तीनंतर पुण्याला किंवा पणजीला घेऊन जाऊ, असा विचार करणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. २०२१ साली आलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत ही तिथली मुख्य अट. शर्यतीसाठी बदललेली गाडी या दोन्ही कसोट्यांवर अडते. तिचं आयुष्य परदेशातल्याच ट्रॅकवर आहे, आणि तिला तिथेच सुखाने पळवून तिथेच विकावं हे उत्तम.

विकणाऱ्यांसाठी

गाडी बांधायला लागलेला पैसा परत मिळत नाही, हे आधी स्वीकारा. इंजिन, केज, गिअरबॉक्स, रंग यांची बेरीज केली तर ती बाजारातल्या तयार गाडीच्या किमतीपेक्षा बहुधा मोठी येते. खरेदीदार तुमच्या पावत्या पाहतो, बेरजेचे पैसे देत नाही. किंमत ठरवताना तुमच्याच शर्यतीत, तुमच्याच नियमांत पळणाऱ्या गाड्या अलीकडे किती पौंड-डॉलरला गेल्या ते पाहा; लिलावात चमकलेल्या अस्सल २६आरचा आकडा तुमच्या गाडीला लागू नाही.

पावत्यांचा खरा उपयोग विश्वासासाठी आहे. एक जाड फाइल करा. त्यात सालवार क्रमाने: गाडी मूळची कुठली, शेलवर काय काम झालं, केज कधी बसला, इंजिन कुणी केलं, प्रत्येक शर्यतीची नोंद, आणि प्रत्येक अपघात. हो, अपघातही, फोटोंसह. लपवलेला अपघात खरेदीदाराला कधी ना कधी सापडतो, कारण शर्यतींचे फोटोग्राफर प्रत्येक वळणावर उभे असतात आणि त्यांच्या संग्रहात तुमची चिरडलेली डावी बाजू जपून ठेवलेली असते. आधीच दाखवलेल्या आणि नीट दुरुस्त केलेल्या अपघाताने किंमत थोडी उतरते. नंतर सापडलेल्या अपघाताने व्यवहार मोडतो, आणि या लहानशा वर्तुळात तुमचं नावही खराब होतं.

कायद्याच्या दृष्टीनेही जपून लिहा. ब्रिटनमध्ये दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार असला तरी १९७९ च्या सेल ऑफ गुड्स कायद्यानुसार वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, आणि खोट्या विधानासाठी १९६७ चा वेगळा कायदा आहे. जाहिरातीत ‘पाहून घ्यावी, नंतर तक्रार चालणार नाही’ असं लिहिल्याने चुकीचं वर्णन माफ होत नाही. ‘अपेंडिक्स के नियमांत बसणारी’ असं लिहायचं असेल, तर पासपोर्ट चालू असावा. तो नसेल तर ‘पूर्वी पासपोर्ट होता, अमुक साली मुदत संपली’ असं लिहा.

मूळचे काढलेले भाग कधीही वेगळे विकू नका. जुने डॅम्पर, मूळ कार्ब्युरेटर, मीटर, डॅशबोर्ड, अगदी सीटच्या रेलसुद्धा गाडीसोबत ठेवा. त्यांच्यामुळे खरेदीदाराला दुसऱ्या वर्गात, किंवा एखाद्या दिवशी पुन्हा रस्त्यावर, परत जाण्याची वाट मोकळी राहते, आणि जास्त लोकांना ती गाडी घ्यावीशी वाटते. जादा चाकं, जादा हेड, वेगवेगळ्या गुणोत्तरांचे डिफरन्शिअल यांची मात्र स्वतंत्र यादी आणि स्वतंत्र किंमत ठेवा. घेणाऱ्याला हवं तर तो घेईल.

विकण्याआधी नवा रंग देऊ नका. ताज्या रंगाखाली काय आहे हा संशय रंगाच्या खर्चापेक्षा महाग पडतो. त्याऐवजी लीक-डाउन करून कागद जोडा, बेल्ट मुदतीतले घाला, अग्निशामकाची तपासणी करून घ्या. जाहिरात हिवाळ्याच्या शेवटी द्या, हंगाम सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी. ऑक्टोबरनंतर घेणाऱ्याला गाडी फक्त गॅरेजमध्ये ठेवायची असते आणि तो तशीच किंमत सांगतो. पैसे खात्यात जमा झाल्याची बँकेकडून खात्री झाल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढू देऊ नका. घेणाऱ्यानेही गाडी ट्रेलरवर चढण्याआधीच प्रवासाचा आणि साठवणुकीचा विमा काढलेला असावा. नेहमीचा रस्त्यावरचा विमा ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाही.

गाडी सुपूर्द करताना एक पान स्वतःच्या हाताने लिहून द्या: टायरमधला हवेचा दाब, चाकांचा कॅम्बर, कार्ब्युरेटरचे जेट, स्पार्क प्लगचा प्रकार, कोणतं तेल, किती अंश अ‍ॅडव्हान्स, इंजिन किती आरपीएमच्या वर नेऊ नये. हे पान कुठल्याही पावतीइतकंच मोलाचं आहे आणि ते फक्त तुम्हीच लिहू शकता. घेणाऱ्याने पहिला दिवस शर्यतीचा ठेवू नये. साधा ट्रॅक डे घ्यावा, पाच-सहा फेऱ्या सावकाश माराव्यात, आत येऊन चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट आणि तेलाच्या जोडण्या पाना लावून पुन्हा तपासाव्यात, आणि जमलं तर जुन्या मालकालाही त्या दिवशी बोलवावं.